तळ्याकडे तोंड असलेली पाटी

निवृत्त माणसाने बाग करावी, नातवंडं खेळवावीत, फार तर शेजाऱ्यांच्या तक्रारी कराव्यात. संस्था काढू नये. संस्था काढणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं हे ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत, कारण तेही कुठल्या ना कुठल्या संस्थेत अडकलेले असतात.

हवामानकाकांनी संस्था काढली.

काकांनी जन्मभर हवामान खात्यात नोकरी केली होती, म्हणून हे नाव. 'आज कोरडं राहील' असं ते म्हणाले की कॉलनीतल्या बायका दोरीवरचे कपडे काढायला धावत. गच्चीवर त्यांनी स्वतःचं पर्जन्यमापक बसवलं होतं, आणि कॉलनीच्या मागच्या तळ्यात ते रोज सकाळी एक लांब काठी बुडवून पाण्याची पातळी बघत. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काका तासभर बोलले असते, म्हणूनच विचारलं नाही.

त्या तळ्यावर काकांचा जीव होता. खराखुरा जीव. पण हे ते कुणाजवळ बोलू शकत नव्हते, कारण नातवंडं असलेल्या माणसाने एका डबक्यावर जीव लावावा हे काही बरं दिसत नाही. आणि नेमकं तेच तळं कॉलनीच्या सेक्रेटरींना बुजवायचं होतं. "उगाच पडून आहे. डास होतात. मुरूम टाकला की तिथे सगळ्यांच्या गाड्या मावतील," असं ते म्हणत आणि लोक मान डोलावत. ज्यांच्याकडे गाडी नव्हती तेही डोलावत. न जाणो, उद्या घेतली तर?

काका पालिकेत गेले. तिथल्या माणसाने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता एक वाट सांगितली. लोकांना पर्यावरणाचं शिक्षण देणारी एखादी नोंदलेली संस्था असेल, आणि 'हे काम लोकांसाठी आहे, पोटासाठी नाही' असं मान्य करून कर खात्याने तिला करमाफी दिली असेल, तर तळं त्या संस्थेच्या ताब्यात देता येतं. मग त्याला कुणी हात लावू शकत नाही.

"सोपं आहे," काका घरी येऊन काकूंना म्हणाले.

"तुम्ही 'सोपं आहे' म्हणालात म्हणजे आता माझं काही खरं नाही," काकू म्हणाल्या.

बातमी फुटायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांना ऊत आला. तळमजल्यावरचे वकील म्हणाले, "संस्था काढणं सोपं असतं हो, त्यातून बाहेर पडणं अवघड." समोरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, "एवढं कशाला? तळ्यात मगर आहे अशी आवई उठवून द्या." शिकवणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "परीक्षा ठेवा. परीक्षेशिवाय माणूस काही शिकत नाही." काकूंचा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, म्हणाला, "मला अध्यक्ष करा. काम सांगू नका." हे चौघे, काका आणि काकू असे सगळे एका संध्याकाळी बसले, आणि 'परिसर शिक्षण मंडळ' या नावावर कसंबसं एकमत झालं. अध्यक्ष झालेल्या मेहुण्याला त्यात 'अखिल' हवं होतं. कशाचं अखिल, हे त्याला सांगता येईना म्हणून ते राहिलं.

मग पाटी आली. हिरव्या रंगात, सुवाच्य अक्षरांत: 'परिसर शिक्षण मंडळ. प्रवेश सर्वांना. संकोच करू नये.' शेवटचं वाक्य काकांचं स्वतःचं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"रस्त्याच्या बाजूला पाटी लावता येणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. "नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"लिहायचाय. आत्ताच केला."

काका रागाने लाल झाले. रंगाऱ्याला म्हणाले, "मग मागच्या भिंतीला लाव!" आणि तरातरा घरात गेले. आता मागची भिंत म्हणजे तळ्याकाठची भिंत, आणि तिला दोन बाजू असतात. कॉलनीच्या बाजूला कपडे वाळत होते. रंगाऱ्याने सरळ भिंतीवरून उडी मारली, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि पाटी बाहेरच्या अंगाला ठोकली. तिचं तोंड तळ्याकडे. आतून दिसत होती फक्त चार खिळ्यांची टोकं. समोर पाणी, पलीकडे लव्हाळी, आणि लव्हाळ्यांवर बाराही महिने लोंबणारं धुकं.

"कोण वाचणार ती?" काकूंनी विचारलं.

रंगारी पाय पुसत होता. तो हसला नाही. "वाचतंय कुणीतरी," तो म्हणाला. "काम करताना सारखं वाटत होतं, पाठीमागून कुणीतरी अक्षर अक्षर लावून वाचतंय." आणि ब्रश तिथेच टाकून गेला. रंगारी ब्रश टाकून जातो म्हणजे काय, हे ज्यांनी घर रंगवून घेतलंय त्यांनाच कळेल.

पुढची बैठक काकांच्याच हॉलमध्ये झाली. वकिलांनी कायदा सांगितला. संस्थेला सात संस्थापक लागतात. इथे सहा होते. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," असं म्हणून काका निराश होऊन पाहतात तो काय, बाल्कनीच्या दाराशी, स्टुलावर, सातवे बसलेले.

राखी रंगाचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला जुना कोट. हात गुडघ्यांवर. चेहरा असा, की बघताना ओळखीचा वाटावा आणि नजर वळली की आठवू नये.

"ओळखलंत ना?" ते हळू आवाजात म्हणाले.

"हो हो! अलबत! म्हणजे काय!" काका म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या मध्यमवर्गात खोटं बोललेलं चालतं, उशिरा आलेलं चालतं, पण 'मी तुम्हाला ओळखलं नाही' असं तोंडावर म्हणणं म्हणजे घोर अपराध. त्यापेक्षा माणूस अनोळखी माणसाला घरात घेईल, जेवू घालेल, वेळ आली तर मुलीचं लग्नही ठरवेल. त्यामुळे काकांना वाटलं, हे वकिलांबरोबर आले असतील. वकिलांना वाटलं डॉक्टरांबरोबर, डॉक्टरांना वाटलं बाईंबरोबर, आणि बाईंना वाटलं एखाद्या विद्यार्थ्याचे आजोबा असतील.

"यांना कोण ओळखत नाही!" वकील म्हणाले.

"यांची दाढ मीच काढलीय," डॉक्टर म्हणाले.

"आपण त्या लग्नात भेटलो होतो, नाही का?" मेहुण्याने विचारलं.

"असेल," ते म्हणाले. "पाणी होतं का तिथे?"

"भरपूर होतं हो! व्यवस्था उत्तम!"

झालं. सात भरले. एकदा इतक्या ओळखी निघाल्यावर नाव विचारायची सोयच उरली नाही, म्हणून सगळे त्यांना 'सातवे' म्हणू लागले. जाताना सातव्यांनी चहाचा कप काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो स्वयंपाकघरात नेला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. दिला होता त्यापेक्षा तो जास्त भरलेला होता. काठोकाठ. आणि गार.

"स्टूल ओलं झालंय," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"घाम येत असेल एखाद्याला," काका म्हणाले. सातवा सभासद मिळालेल्या माणसाला इतर गोष्टी दिसत नाहीत.

नोंदणीच्या कचेरीचं वर्णन करत नाही. ज्यांनी ती पाहिलीय त्यांना पुन्हा का छळा? साहेब जेवायला गेले होते, मग मीटिंगला गेले होते, मग ते बदलून गेल्याचं कळलं. कारकुनाने अर्ज वाचला आणि 'लोकांना शिक्षण देणे' या शब्दांवर बोट ठेवलं.

"कुठल्या लोकांना?"

"सगळ्या."

"सगळे म्हणजे कोण कोण, ते लिहून आणा."

काकांचा आवाज चढला, वकिलांनी कोट ओढून त्यांना खाली बसवलं. आता प्रश्न आला पत्त्याचा. कॉलनीतला पत्ता द्यायला सेक्रेटरींनी लेखी हरकत घेतली होती. बुडत्याचा पाय खोलात. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्याकडचा द्या."

सातवे तिथे बसलेले होते. त्यांना कुणी बरोबर आणलं नव्हतं.

"कुठे?" कारकून म्हणाला.

"तळ्यापलीकडे."

तळ्यापलीकडे लव्हाळी होती, आणि लव्हाळ्यांमागे कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याची, दार-खिडकी नसलेली आंधळी भिंत. काकांना हे पक्कं माहीत होतं. पण ज्या माणसाला आपण इतके दिवस ओळखतोय त्याला 'तुमचं घर कुठे हो?' असं चारचौघांत कसं विचारायचं? सगळ्यांनी माना डोलावल्या. "सुंदर जागा आहे," मेहुणा म्हणाला.

कारकुनाने सातव्यांकडे ओळखीचा पुरावा मागितला. त्यांनी कोटाच्या खिशातून काहीतरी चपटं, दुमडलेलं काढून पुढे ठेवलं. कारकुनाने ते उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरलं, मग बोटं पँटला पुसली. "असलं जुनं आता कुणाकडे नसतं," तो हलक्या आवाजात म्हणाला आणि शिक्का मारला. काका बाहेर पडले तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मानेवर थोडं गार लागत होतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," वकील जिन्यात म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, यांना कोण ओळखत नाही?"

वकील भराभर जिना उतरले.

आता करमाफी. तिच्यासाठी लोकशिक्षण प्रत्यक्ष चालू असल्याचं दाखवावं लागतं. मागच्या फाटकाजवळची कॉलनीची मोडकी खोली काकांनी झाडून घेतली, खुर्च्या मांडल्या आणि 'पाऊस कसा मोजतात' हे पहिलं व्याख्यान दुपारी ठेवलं. कॉलनीतल्या घराघरांत स्वतः जाऊन सांगितलं. सगळे म्हणाले, "वा! येणार म्हणजे येणारच!" याचा अर्थ काय असतो हे काकांना साठी उलटल्यावर तरी कळायला हवं होतं. काकू आणि शिकवणीच्या बाई सोडल्या तर कॉलनीतून चिटपाखरू आलं नाही.

काकांनी रिकाम्या खुर्च्या एकदा मोजल्या. जन्मभर त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. कचेरीत साहेबांनी नाही, घरी मुलांनी नाही, आणि ढगांचे प्रकार काकूंनीसुद्धा तिसऱ्या प्रकारापुढे कधी ऐकून घेतले नव्हते. काकांनी टिपणं गोळा केली, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर लावला.

मागच्या दोन रांगा भरल्या होत्या.

बायका, पुरुष, मुलं. सगळ्यांचे कपडे राखी, सगळ्यांचे हात गुडघ्यांवर. मुलंसुद्धा हलत नव्हती. हलत नसलेलं मूल दिसलं की शहाण्या माणसाने तिथून निघावं, पण वक्त्याला श्रोते दिसले की त्याचं शहाणपण जातं. काका बोलू लागले. ते ऐकू लागले. असं ऐकणं काकांनी कधी पाहिलं नव्हतं. कुणी खोकलं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणाची पापणी लवली नाही. काकांनी आपला तो पर्जन्यमापकात बेडूक सापडल्याचा विनोद सांगितला. शांतता. काका पुढे वाफेकडे वळले, आणि मग मागून सगळे एकदम, एका आवाजात हसले.

शेवटी सातव्यांनी हात वर केला. "तुमच्याकडे कोरडं किती काळ राहतं?"

"वर्षातला बराच काळ," काका म्हणाले.

मागच्या रांगांतून एक हळहळ उठली. एका बाईने मुलाला जवळ घेतलं.

ते गेल्यावर शिकवणीच्या बाईंनी खुर्च्यांवरून हात फिरवला आणि तो हात बराच वेळ अंगापासून लांब धरला. "कोण होती ही माणसं?" काकूंनी विचारलं.

"लोक," काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "जनता."

"जनता इतकी गप्प नसते," काकू म्हणाल्या. पण पुढच्या व्याख्यानाला त्यांनी मागच्या खुर्च्यांवर रबरी कापड अंथरलं. घरधनीण ती घरधनीण. पाहुणा कुठलाही असो, सामान खराब होता कामा नये.

व्याख्यानं वाढली तशा रांगा वाढल्या. काकांनी माती घेतली, वारा घेतला, ढगांचे सगळे प्रकार एकही न गाळता घेतले. ते तरुण दिसू लागले. रात्री मात्र अंथरुणावर पडलं की त्यांना आठवे, फाटकातून आत येताना कुणी दिसलंच नव्हतं. खोलीला दुसरं दार होतं ते तळ्याकडचं.

मग कर खात्याचे निरीक्षक आले. हा गृहस्थ नकार देण्याबद्दल प्रसिद्ध होता. तोंडात मिठाची गुळणी, बगलेत फाइल. चहा नको, बिस्कीट नको, बसायला नको. "संस्थेची नोंदलेली जागा दाखवा," एवढंच म्हणाले.

लव्हाळी दाखवायची? आंधळी भिंत दाखवायची? "जरा लांब आहे, चिखल आहे," काका चाचरत म्हणाले. पण तळ्याच्या वळणावर सातवे उभेच होते. त्यांनी नुसता हात पुढे केला. निरीक्षक त्यांच्यामागून गेले, आणि भर दुपारी धुकं त्यांच्या पाठीमागे दार लोटावं तसं मिटलं.

काका, काकू आणि वकील काठावर उभे. पलीकडून आवाज नाही, हालचाल नाही. एक बगळा होता तोही उडून गेला.

"परत नाही आले तर," वकील कुजबुजले, "कायद्याने जबाबदारी अध्यक्षांची." मेहुण्याला निरोप पाठवावा का, यावर विचार चालू असताना निरीक्षक परत आले.

पँट गुडघ्यापर्यंत ओली. चेहरा निवांत, इतका निवांत की त्यांचाच आहे ना अशी शंका यावी. त्यांनी भिंतीवरच फाइल टेकवली आणि मंजुरीची सही केली. पेनाच्या टोकावरून पाण्याचा एक थेंब कागदावर पडला.

"जागा उत्तम आहे," ते म्हणाले. "नोकरी लागल्यापासून मी संस्थावाल्यांना विचारत आलो, ज्यांच्यासाठी एवढं करता ती जनता कुठाय? आज पाहिली. खूप आहे हो. खाली खूप आहे."

आणि ते गेले. न मागता, न अडवता, पहिल्याच फेरीत सही करून गेले. काकांनी आयुष्यात वादळं पाहिली होती, वीज पडताना पाहिली होती, पण सरकारी माणूस पहिल्या फेरीत सही करतो हे पाहून ते काठावरून दोन पावलं मागे सरले. "खाली म्हणजे?" काकूंनी विचारलं.

तळं मंडळाच्या ताब्यात आलं. हरायची सवय नसलेला सेक्रेटरी आता इरेला पेटला. त्याने नियमांचं पुस्तक चाळचाळ चाळलं आणि विजयी मुद्रेने काकांच्या दारात आला.

"वार्षिक सभा नोंदलेल्या जागेतच घ्यावी लागते. नाहीतर नोंदणी रद्द. माहीत आहे ना?"

"आहे."

"तुमची जागा तळ्यापलीकडे. तिथे काय आहे ते मलाही माहीत आहे. मी स्वतः काठावर येऊन बघणार. सभा झाली नाही की त्याच दुपारी मुरूम पडायला लागेल."

मुरुमाचे ट्रक खरंच फाटकाशी येऊन उभे राहिले. काका रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी काठी घेऊन तळ्यावर गेले. सातवे तिथे बसले होते. काकांनी इकडे तिकडे बघितलं, कुणी नव्हतं, आणि इतके महिने गिळलेलं वाक्य शेवटी बाहेर काढलं.

"रागावू नका. पण खरं सांगायचं तर... मी तुम्हाला ओळखलं नव्हतं."

"मीही तुम्हाला ओळखलं नव्हतं," सातवे म्हणाले. "तुमच्याकडे आत शिरताना तसं विचारायची पद्धत आहे असं वाटलं, म्हणून विचारलं."

"मग तुम्ही आलात कसे?"

"पाटी वाचून."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. रोज काठी बुडवताना तिच्याकडे त्यांची पाठ असे; आज ती पाटी ते पहिल्यांदाच समोरून बघत होते. हिरवी अक्षरं पाण्यात उलटी पडली होती आणि स्पष्ट वाचता येत होती.

"सगळ्या भिंतींची पाठ आमच्याकडे असते," सातवे म्हणाले. "कचरा टाकायलाच तेवढी माणसं आमच्याकडे तोंड करतात. पहिल्यांदाच कुणीतरी आमच्याकडे तोंड करून काही लिहिलं. वर आणखी संकोच करू नये म्हणून लिहिलं. सगळ्यांना दाखवून आणलं मी ते." ते थोडे थांबले. "सभेला या. मीही एक लावलीय."

त्यांनी बोट दाखवलं. पलीकडचं धुकं किंचित सरकलं. लव्हाळ्यांच्या मागे, आंधळ्या भिंतीवर, एक पाटी होती. अक्षर सुवाच्य. 'प्रवेश सर्वांना. संकोच करू नये.'

काका तडक घरी आले. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आपण नको जाऊ या. गेलं तळं तर गेलं."

हे म्हणत त्यांनी काठी दाराआड उभी केली. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्या उठल्या आणि ठेवणीतले कपडे काढू लागल्या.

"अहो, ती माणसं आपल्या एकूण एक व्याख्यानाला आली. पोराबाळांना घेऊन आली. आणि आपण एकदाही त्यांच्याकडे जायचं नाही? बरं दिसतं का ते?"

यावर जगात कुणाकडेच उत्तर नसतं. वकिलांकडे नव्हतं, डॉक्टरांकडे नव्हतं, बाईंकडेही नव्हतं. मेहुण्याने पाय मुरगळल्याचं सांगून पाहिलं, तर काकूंनी बहीण या नात्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पाय बरा झाला.

सेक्रेटरी काठावर खुर्ची टाकून बसला होता. सहाही जण त्याच्या देखत पाण्यात उतरले. लव्हाळ्यांच्या बाजूला काकांच्या काठीला कधीही तळ लागला नव्हता, पण आता पावलांखाली दगड होते. पाणी घोट्यापर्यंतच होतं. वकील पुटपुटत होते, बाई पाढे म्हणत होत्या. धुकं तोंडाला ओल्या फडक्यासारखं लागलं, मग भिंत आली, भिंतीत दार आलं.

आत खोली होती. काकांच्या मोडक्या खोलीइतकीच. तशाच खुर्च्या, तशाच रांगा, मागच्या खूप लांब, खाली खाली उतरत गेलेल्या, आणि सगळ्या भरलेल्या. पुढच्या सहा रिकाम्या खुर्च्यांवर कोरडी फडकी अंथरलेली होती. सातव्यांची बायको ओशाळून पुढे आली.

"रागवू नका हं. तुमची माणसं येऊन गेली की खुर्च्या कोरड्या होतात. ते निरीक्षक बसून गेले, तर अजून ओल धरत नाही ती."

"आमच्याकडे उलटी तऱ्हा," काकू म्हणाल्या. "रबरी कापड घाला. मी आणून देईन." आणि त्या दोघी कडेला जाऊन डागांबद्दल बोलू लागल्या. काकूंची भीती तिथेच संपली. काकांची वाढली.

सभा झाली. अहवाल वाचला गेला, तळं जसंच्या तसं राखायचा ठराव मंजूर झाला. मंजुरीच्या टाळ्या जराशा उशिरा, पण सगळ्यांच्या एकदम पडल्या. त्या काठापर्यंत ऐकू गेल्या. सेक्रेटरी खुर्चीवरून उठला, ट्रकवाल्यांना हाताने 'जा' म्हणाला आणि मागे न बघता घरी गेला. त्या माणसाने पुढे कधी तळ्याचा विषय काढला नाही.

काकांचं काम झालं होतं. ते निघणार तोच सातव्यांनी त्यांचा हात धरला. हात गार होता.

"एक अडचण होती. आमच्याकडेही एक सेक्रेटरी आहेत."

"बरं?"

"आमची वस्ती वाढलीय. जागा पुरत नाही. ते म्हणतात, तुमची बाजू भरून टाकू. पाण्याने. उगाच पडून आहे, धूळ होते. सगळे मान डोलावतात." सातव्यांनी मान खाली घातली. "मी म्हणतो, नका. तिथे जीव आहेत. निदान आधी बघा तरी. म्हणून तर मी सगळ्यांना तुमच्याकडे आणत होतो. माझं कुणी ऐकत नाही हो. जन्मभर नाही ऐकलं. लोक म्हणतात, म्हातारा त्या कोरड्यावर जीव लावून बसलाय."

काकांनी मागे वळून पाहिलं. दारातून त्यांना कॉलनी दिसत होती. दोऱ्यांवर कपडे, गच्चीवर त्यांचं पर्जन्यमापक, बाल्कनीत कुणीतरी चहा पितंय. इथून ती केवढीशी दिसत होती. कुणी बुजवून टाकली तर पत्ताही लागणार नाही, एवढीशी.

"म्हणून मीही संस्था काढतोय," सातवे म्हणाले. "पण आमच्याकडेही नियम तोच. सहा झालेत."

कोपऱ्यातल्या टेबलाशी पाच राखी माणसं बसली होती; सातवे जाऊन त्यांच्यात सहावे बसले. त्यांच्यासमोर एक कारकून होता. कारकून कुठलाही असो, त्याचा चेहरा ओळखू येतोच. त्याने मान वर न करता विचारलं, "सातवे आलेत का?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. कुणीच त्यांचं नाव विचारलं नाही. एकजण मायेने म्हणाला, "यांना कोण ओळखत नाही!"

"आलो," काका म्हणाले, आणि रिकाम्या खुर्चीवर अंथरलेलं कोरडं फडकं बाजूला सारून बसले.